वीतभर तोंडाचे भांडे, डोंगरभर पाऊस

वाचकांचे प्रश्न

पाऊस मोजण्याविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांची चळत एवढी वाढली आहे की या महिन्याचे सदर त्याच विषयाला दिले आहे. बहुतेक पत्रे सातपुड्याच्या पायथ्याकडून आली आहेत. पत्रांची भाषा थोडी आवरती केली आहे आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचे गाव अमरावती जिल्ह्यात मेळघाटाच्या पायथ्याशी, नदीकाठी आहे. जुलैतल्या एका रात्री आमच्या वावरात जेमतेम ढेकळे भिजतील एवढाच पाऊस झाला. मंडळाच्या नोंदीतही १२ मिलिमीटरच आहे. तरीही पहाटे नदीला असा लोंढा आला की काठावरची पऱ्हाटी धुऱ्यासकट खरडून गेली. पर्जन्यमापक चुकला असेल का? नसेल, तर हे पाणी आले कोठून?
— एक शेतकरी

आपल्या मंडळाचा पर्जन्यमापक चुकला असे मला वाटत नाही. त्याच्या तोंडावर जेवढे पडले तेवढे त्याने मोजले, आणि अडचण त्या तोंडाच्या आकारापासूनच सुरू होते. भारतीय हवामान विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचे तोंड १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटरचे असते. मोठे घेतले तरी त्याचा व्यास सुमारे १६ सेंटिमीटर भरतो, म्हणजे एका वितीला कमीच. भारतीय मानकाप्रमाणे सपाट प्रदेशात ५२० चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक पुरेसा धरतात. हे क्षेत्र त्या नरसाळ्याच्या तोंडाच्या २६०० कोटी पट आहे. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, पण ती म्हण सारख्या शिजलेल्या भातापुरती आहे. डोंगरातला पाऊस सारखा शिजत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातून उत्तरेकडे पाहिले की गाविलगडाचे डोंगर भिंतीसारखे उभे दिसतात. पायथ्याची उंची समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटर असते, तर चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. बाष्पाने भरलेली हवा या भिंतीवर आदळते तेव्हा तिला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर चढताना ती पसरते, पसरताना थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन माथ्याच्या आसपास कोसळते. म्हणूनच चिखलदऱ्याला पायथ्याच्या गावांपेक्षा कितीतरी अधिक पाऊस होतो, आणि आपल्या गावात नुसते शिंतडत असताना वीस किलोमीटरवर आभाळ फाटलेले असू शकते. नदीचे खोरे माथ्यापर्यंत पसरलेले आहे आणि पर्जन्यमापक मात्र खाली, जेथे माणसे राहतात, रस्ता जातो आणि नोंद घेणारा पोहोचू शकतो, तेथे आहे.

यात दोष कोणाचा, असा प्रश्न आपल्या पत्राच्या ओळींमधून डोकावतो. महसूल मंडळाची हद्द गावांच्या शिवेवरून आखलेली असते, तर नदीच्या पाणलोटाची हद्द डोंगराच्या धारेवरून जाते, आणि या दोन रेषा एकमेकींना ओळखत नाहीत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी, हा आपल्याकडचा निकष मंडळातील नोंदीवर बसवलेला आहे. नदीकाठच्या नुकसानीला जो पाऊस कारण झाला तो दुसऱ्याच मंडळात, कदाचित कोणतेच भांडे नसलेल्या जंगलात पडलेला असतो. महावेध प्रकल्पातून राज्याच्या महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिल्यामुळे पूर्वीपेक्षा जाळे दाट झाले हे मान्य केले पाहिजे. पण मेळघाटासारख्या भागात एकेक मंडळच एवढे मोठे आणि उंचसखल आहे की तेथे हे जाळेही विरळ ठरते. मानकातही डोंगराळ आणि भरपूर पावसाच्या प्रदेशासाठी १३० चौरस किलोमीटरला एक, म्हणजे सपाटीच्या चौपट दाट पर्जन्यमापक असावेत असे म्हटले आहे. प्रत्यक्षात जगभर याच्या उलट घडते : सपाटीवर भांडी दाट आणि डोंगरावर विरळ.

एक छोटी गोष्ट आपण तपासावी. आपल्याकडे पावसाची दैनिक नोंद सकाळी साडेआठला घेतात आणि मागील चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लावतात. मंगळवारी सकाळी दहाला पडलेला पाऊस त्यामुळे बुधवारच्या रकान्यात दिसतो. पुराची तारीख आणि पावसाची तारीख यांचा मेळ न बसण्याचे अर्धे घोळ एवढ्यावरून होतात.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे आणि मुले आळीपाळीने नोंद ठेवतात. सातवीतल्या एका मुलीने विचारले की हिमालयात बर्फ पडतो तेव्हा तो या नरसाळ्यातून खाली बाटलीत कसा उतरतो? मला उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षिका, भंडारा जिल्हा

त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्यावी, कारण तिने विषयाच्या गाभ्यालाच हात घातला आहे. हिम नरसाळ्यातून उतरत नाही. ते तोंडाशी साचते, वर टोपी धरते आणि थोडा वारा आला की ती टोपी उडून जाते. म्हणून हिमप्रदेशातील साध्या केंद्रावर हिवाळ्यात आतले नरसाळे आणि बाटली काढून नुसते बाहेरचे नळकांडे ठेवतात. ते नळकांडे खोलीत आणून त्यात मोजून घेतलेले कोमट पाणी ओततात, हिम वितळले की सगळे पाणी मोजतात आणि ओतलेले पाणी वजा करतात. उरलेल्या आकड्याला हिमाचे जलमूल्य म्हणता येईल, म्हणजे ते हिम जागच्या जागी वितळले तर जमिनीवर किती मिलिमीटर पाणी उभे राहील, त्याचे माप.

हिमाची जाडी आणि हिमाचे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना कापसाच्या उदाहरणाने सांगावे. गाडीभर मोकळा कापूस आणि त्याचीच दाबलेली गाठ यांचे वजन एकच असते, जागा मात्र वेगळी लागते. ताजे भुसभुशीत हिम बहुधा असे असते की १० सेंटिमीटर जाडीतून १ सेंटिमीटर पाणी निघते. थंडी कडक आणि हवा कोरडी असेल तर त्याच पाण्यासाठी २० सेंटिमीटरही लागतात, आणि ओलसर हिम असेल तर पाचसहा सेंटिमीटर पुरतात. हिवाळाभर साचून, दबून, पुन्हा गोठून बसलेल्या हिमात मात्र पाण्याचे प्रमाण ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे ‘अमुक ठिकाणी तीन फूट बर्फ पडला’ ही बातमी पर्यटकाच्या कामाची असली तरी धरणाच्या अभियंत्याला तिच्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

जाडी मोजणे सोपे आहे. नोकरीत असताना एका प्रशिक्षणासाठी हिमाचल प्रदेशात गेलो होतो, तेव्हा उघड्या उतारावर सेंटिमीटरचे काळेपांढरे पट्टे मारलेला खांब पाहिला. आपल्याकडे पुलाच्या खांबावर पुराच्या खुणा असतात तसाच, फक्त येथे पूर पांढरा आणि थांबलेला. रोजचे नवे हिम मोजण्यासाठी पांढरी रंगवलेली फळी ठेवतात आणि प्रत्येक नोंदीनंतर ती झटकून हिमाच्या पृष्ठभागावर पुन्हा मांडतात. आता पुष्कळ ठिकाणी खांबावर एक उपकरण बसवलेले असते, जे खाली ध्वनिलहरी सोडते आणि प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून हिमाचा पृष्ठभाग किती वर आला ते सांगते.

पाणी मोजण्यासाठी वजनच करावे लागते. दातेरी कडेची पोकळ नळी हिमात उभी घुसवून तळच्या मातीपर्यंत नेतात आणि आतल्या हिमासकट तिचे वजन करतात. समजा नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर आहे, हिमाची जाडी १०० सेंटिमीटर आहे आणि आतले हिम १५०० ग्रॅम भरले. एका ग्रॅमला एक घन सेंटिमीटर पाणी, म्हणून १५०० भागिले ५०, म्हणजे ३० सेंटिमीटर किंवा ३०० मिलिमीटर पाणी. हा हिशेब सातवीच्या मुलांना फळ्यावर करता येईल. ही पद्धत रूढ करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते जेम्स चर्च अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकवत असत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते हौसेने माउंट रोझ या डोंगरावर हिवाळ्यात चढत असत. तेथल्या हिमाच्या वजनावरून उन्हाळ्यात खालच्या टाहो सरोवराची पातळी किती वाढेल याचा अंदाज त्यांनी बांधून दाखवला. भाषेच्या शिक्षकाने जलविज्ञानाला वाट दाखवल्याचे हे उदाहरण आपल्या शिक्षक-खोलीत सांगण्याजोगे आहे.

जेथे माणूस रोज जाऊ शकत नाही तेथे जमिनीवर न गोठणाऱ्या द्रवाने भरलेली मोठी चपटी उशी पसरून ठेवतात. वर हिम साचत जाते तसा उशीतला दाब वाढतो आणि तो दाब यंत्रातून दूरवर कळवला जातो. अमेरिकेच्या पश्चिम भागात अशी शेकडो केंद्रे आहेत. उशीलाही एक खोड आहे : हिमात गोठलेला कडक थर तयार झाला की तो पुलासारखा उशीच्या कडांवर टेकतो आणि वरचे वजन उशीपर्यंत पोहोचतच नाही.

खरा चोर मात्र वारा आहे. भांड्याच्या काठावरून वारा उसळून वर जातो आणि हलके हिमकण भांड्याला वळसा घालून पुढे जातात. पावसाचे थेंब जड असल्यामुळे तेथे तूट २ ते १० टक्क्यांची असते. हिमाच्या बाबतीत ती १० पासून ५० टक्क्यांपर्यंत, आणि उघड्या खिंडीत त्याहूनही अधिक असू शकते. म्हणून भांड्याभोवती पत्र्याच्या झुलत्या पट्ट्यांचे कडे लावतात. अशा कड्याला अल्टर यांचे नाव आहे आणि त्याची रचना १९३७ मधली. जागतिक हवामान संघटनेच्या तुलनात्मक प्रयोगांत प्रमाण मानलेल्या मांडणीत तर भांड्याभोवती लाकडी फळ्यांची दुहेरी कुंपणे असतात. एवढे करूनही वाऱ्याचा वेग नोंदवून आकड्याला दुरुस्ती लावावीच लागते.

प्रश्न : स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासात खोऱ्याचा सरासरी पाऊस काढण्याच्या तीन पद्धती आहेत. परीक्षेत कोणतीही वापरली तरी उत्तर थोड्याफार फरकाने सारखेच येते. मग डोंगराळ खोऱ्यासाठी कोणती वापरावी, याला एवढे महत्त्व का देतात?
— एक विद्यार्थी, यवतमाळ जिल्हा

परीक्षेतल्या खोऱ्यात पर्जन्यमापक नीट विखुरलेले असतात, म्हणून उत्तरे जुळतात. खऱ्या खोऱ्याच्या जवळ जाणारे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खोरे ४०० चौरस किलोमीटरचे आहे : १०० चौरस किलोमीटर पायथा, १८० मधला उतार आणि १२० माथ्याचे पठार. चार पर्जन्यमापकांपैकी तीन पायथ्याच्या गावांत, एक उतारावरच्या वनविश्रामगृहात आणि माथ्यावर एकही नाही. एका दिवशी नोंदी आल्या २०, २२, १८ आणि ५५ मिलिमीटर. साधी सरासरी २८.७५ मिलिमीटर येते, म्हणजे खोऱ्यावर ११.५ दशलक्ष घनमीटर (दलघमी) पाणी पडले. आता माथ्यावर प्रत्यक्षात ११० मिलिमीटर पडले होते असे समजा आणि प्रत्येक पट्ट्याचा पाऊस त्याच्या क्षेत्रफळाने गुणा. पायथ्याला २०, उताराला ५५ आणि माथ्याला ११० धरून सरासरी ६२.७५ मिलिमीटर येते आणि पाणी २५.१ दलघमी. निम्म्याहून अधिक पाणी कागदावर आलेच नाही, आणि ज्या धरणाचे दरवाजे या आकड्यावर उघडायचे तेथे रात्री काय होईल याची कल्पना आपण करू शकता.

अल्फ्रेड थिसेन यांनी १९११ मध्ये मांडलेल्या बहुभुज पद्धतीत प्रत्येक ठिकाणाला त्याच्या सर्वांत जवळच्या पर्जन्यमापकाचा आकडा लावतात. सपाटीवर ही पद्धत उत्तम चालते, पण तिला उंची दिसत नाही. वरच्या उदाहरणात ती माथ्याला उतारावरचे ५५ लावील, म्हणजे चूक कमी होईल तरी निम्मी राहील. समपर्जन्य रेषा, म्हणजे सारखा पाऊस झालेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, काढणारा माणूस नकाशावर डोंगर पाहून रेषा वाकवू शकतो, म्हणून मला ती पद्धत अधिक शहाणी वाटते. तिची भिस्त मात्र काढणाऱ्याच्या जाणकारीवर आहे, आणि दोघांनी काढलेल्या रेषा कधी सारख्या येत नाहीत. उंचीचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याला त्याचा पाऊस लावणे ही डोंगराळ खोऱ्यासाठी सर्वांत सरळ वाट आहे, अट एवढीच की वरच्या पट्ट्यात निदान एक तरी भांडे हवे.

हिमाच्या खोऱ्यात या पट्ट्यांना आणखी एक काम असते. हवा साधारणपणे दर किलोमीटर उंचीला साडेसहा अंशांनी थंड होत जाते. पायथ्याचे तापमान कळले की शून्याच्या आसपासची रेषा कोणत्या उंचीवर आहे याचा अंदाज येतो आणि त्या रेषेच्या वर हिम, खाली पाऊस असा हिशेब मांडता येतो. ही रेषा तीनशे मीटर इकडेतिकडे झाली तरी आजच वाहून येणारे पाणी आणि एप्रिल-मेपर्यंत डोंगरावर थांबणारे पाणी यांची वाटणी बदलते. भाक्रा धरणाला मिळणाऱ्या सतलजच्या वार्षिक पाण्यात हिम आणि हिमनद्यांच्या वितळण्याचा वाटा सुमारे ६० टक्के असल्याचा अंदाज अभ्यासकांनी केला आहे. तेथे अशी चूक धरणाच्या सगळ्या वेळापत्रकात उतरते.

आपल्या अभ्यासक्रमात ज्यावर फारसा भर नसतो ती पडताळणी आता सांगतो. खोऱ्यावर पडलेल्या पाण्यातून नदीने वाहून नेलेले, बाष्प होऊन गेलेले आणि जमिनीत किंवा हिमात साठलेले वजा केले तर बाकी शून्य यायला हवी. आपल्या वर्धेच्या किंवा पूर्णेच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचा लहान हिस्सा नदीला मिळतो आणि उरलेले पिके, झाडे, माती खातात. हिमालय-काराकोरमच्या काही खोऱ्यांत मात्र मोजलेल्या पावसा-हिमापेक्षा नदीचेच पाणी अधिक भरते. सिंधूच्या वरच्या खोऱ्यात गिलगिटला वर्षाकाठी १३० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे आपल्याकडच्या दोन चांगल्या झडींएवढा. पण त्याच प्रदेशातल्या उंच हिमनद्यांवर खड्डे खणून हिमाचे वार्षिक थर मोजले तेव्हा ते १००० मिलिमीटर पाण्याच्या पुढे गेले. हिमनद्या आटत असतील तर थोडे जास्तीचे पाणी त्यांतूनही येते, परंतु एवढी मोठी तफावत त्याने भरून निघत नाही. दरीतली भांडी डोंगराचे पाणी मोजतच नाहीत, आणि ते नदीच्या प्रवाहमापनाने उघडकीला येते. डोंगराळ खोऱ्यात नदी हाच सर्वांत मोठ्या तोंडाचा पर्जन्यमापक आहे, असे मी माझ्या कनिष्ठांना सांगत असे. त्यांपैकी काहींना ते पटायचे, काहींना ती पर्जन्यमापक दुरुस्त न करण्याची सबब वाटायची.

प्रश्न : ओढ्याला पूर आला की पर्जन्यमापकापर्यंत जाता येत नाही. अशा दिवसांची नोंद कशी करावी?
— एक पाऊस-नोंदणीदार, डोंगरी भाग

जेव्हा पोहोचाल तेव्हा एकत्र मोजावे आणि ‘इतक्या दिवसांचा एकत्रित’ असा स्पष्ट शेरा लिहावा. फार पूर्वी एका डोंगरी केंद्राच्या वहीत सलग चार दिवस एकच आकडा मला दिसला होता. चौकशीत कळले की नाला उतरल्यावर नोंदणीदाराने चार दिवसांचे पाणी एकदम मोजले आणि ते चारने भागून लिहिले. बिचाऱ्याची बेरीज अचूक होती, पण त्या चार दिवसांतला पूर कोणत्या रात्रीचा हे कळण्याची वाट त्याने बुजवून टाकली होती.

हिमालयात तर काही भांडी महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही. त्या उंच, मोठ्या पोटाच्या भांड्यांत आधीच गोठणरोधक द्रव मोजून घातलेला असतो, म्हणजे पडलेले हिम विरघळत जाते, आणि वर तेलाचा पातळ थर सोडतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. वर्षाची किंवा हंगामाची बेरीज मिळते, दिवस मिळत नाहीत.

प्रश्न : उपग्रह आणि रडार असताना ही भांडी अजून कशाला हवीत?
— पाणीवापर संस्थेचा एक सभासद, वर्धा जिल्हा

कारण उपग्रह पाऊस मोजत नाही. ढगांतून येणाऱ्या सूक्ष्म लहरींवरून तो पावसाचा अंदाज करतो आणि त्या अंदाजाला खालच्या भांड्यांशी ताडून पाहावे लागते. २०१४ मध्ये सोडलेल्या जागतिक पर्जन्यमापन उपग्रहाच्या आधारे तयार होणारी माहिती दर अर्ध्या तासाची आणि साधारण १० किलोमीटरच्या चौकटीची असते. गाविलगडाचा पायथा आणि माथा हे दोन्ही त्या एकाच चौकटीत मावतात. हिमाच्या बाबतीत उपग्रह कोणता डोंगर पांढरा झाला हे फार चांगले दाखवतो, पण त्या पांढऱ्या चादरीत पाणी किती हे सांगताना अडखळतो, विशेषतः जाड हिमावर आणि तीव्र उतारांवर.

रडारची गोष्ट अधिक घरची आहे. नागपूरच्या डॉप्लर रडारपासून चिखलदरा सरळ रेषेत सुमारे १८० किलोमीटर आहे. रडारचा झोत अर्ध्या अंशाने वर उचललेला असतो आणि पृथ्वी गोल असल्यामुळे जमीन खाली वळत जाते. तेथे पोहोचेपर्यंत झोत डोंगराच्या माथ्यापासूनही अडीच-पावणेतीन किलोमीटर वर गेलेला असतो. त्याच्या खाली जे घडते ते त्याला दिसत नाही, आणि डोंगरी पावसातला पुष्कळसा भाग तेथेच, माथ्याला चिकटलेल्या बुटक्या ढगांत घडतो. हिमालयात तर झोतापुढे डोंगरच आडवे येतात.

कौटिल्याने कोठारासमोर हातभर रुंद तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवायला सांगितले आहे. निरनिराळ्या प्रदेशांचे पावसाचे प्रमाण देताना तो अपरान्त (कोकणपट्टी) आणि हिमालयाकडील प्रदेश यांच्यापाशी येतो तेव्हा आकडा न देता ‘अमित’ असा शब्द वापरतो. एवढी यंत्रे आली तरी तो शब्द मला अजून पूर्णपणे जुना झालेला वाटत नाही.

प्रश्न : चिखलदऱ्याला ‘बर्फ पडला’ असे फोटो जानेवारीत मोबाइलवर येतात. ते खरे मानावेत का?
— एक वाचक, अकोट

गवतावर किंवा गाडीच्या टपावर पांढरा थर दिसत असेल तर ते बहुधा गोठलेले दव असते. ते जमिनीलगतच्या हवेतून तेथल्या तेथे तयार होते, ढगातून पडत नाही, म्हणून तो हिमवर्षाव नव्हे. गारा मात्र ढगातून पडतात, त्यामुळे पर्जन्यमापकात पडलेल्या गारा वितळवून त्यांचे पाणी त्या दिवसाच्या पावसात धरतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर झालेल्या गारपिटीत विदर्भातल्या गव्हा-हरभऱ्याचे जे झाले ते मिलिमीटरच्या आकड्यावरून कधीच कळणार नाही.

प्रश्न : हिमालयातल्या बर्फाचा आमच्या सोयाबीनशी काही संबंध आहे का? आमच्या नद्या तर तेथून येत नाहीत.
— एक शेतकरी, वाशीम जिल्हा

नद्यांतून संबंध नाही. पैनगंगा, वर्धा, वैनगंगा यांपैकी कोणत्याही नदीला हिमाचा थेंब मिळत नाही. हवेतून मात्र संबंध असावा, असा तर्क फार जुना आहे. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये असे मांडले की हिमालयात हिम जास्त आणि उशिरापर्यंत राहिले तर पुढचा मान्सून कमजोर होण्याकडे कल असतो. हिम उन्हाचा मोठा भाग परत फेकते आणि उरलेली उष्णता वितळण्यात खर्च होते. त्यामुळे जमीन उशिरा तापते आणि समुद्रावरून वाऱ्यांना ओढून घेणारा जोर मंदावतो. याच धाग्यावर १८८६ पासून मान्सूनचे दीर्घकालीन अंदाज देण्यास सुरुवात झाली. पुढे हा संबंध दरवर्षी पाळला जात नाही असे दिसले, प्रशांत महासागरातील एल निनोसारखी अधिक बलवान कारणे पुढे आली आणि हिम हे पुष्कळ घटकांपैकी एक उरले. त्यामुळे ‘मनालीत यंदा बर्फ कमी, म्हणून पेरणी बिनधास्त करा’ असा संदेश कोणी पाठवला तर त्यावर बियाणे टाकू नये.

प्रश्न : मी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा पर्जन्यमापक करून धुऱ्यावर ठेवला आहे. बाटलीच्या अंगावर पट्टी चिकटवली आहे. एका दिवशी माझ्याकडे ७० मिलिमीटर आले आणि चार किलोमीटरवरच्या स्वयंचलित केंद्रात ६१. कोणाचे खरे धरावे?
— एक युवा शेतकरी, बुलडाणा जिल्हा

दोन्ही खरे असू शकतात, कारण मेघगर्जनेच्या पावसात चार किलोमीटर हे मोठे अंतर आहे. स्वयंचलित केंद्रात बहुधा शिपल्यासारखी दोन छोटी पात्रे तराजूवर बसवलेली असतात. एक भरले की कलंडते, दुसरे पुढे येते आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. पाऊस धो-धो असेल तर कलंडण्याच्या क्षणात पडलेले पाणी सुटते आणि आकडा थोडा कमी येतो. नरसाळ्यात पाला किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली तर मात्र तो आकडा ‘थोडा’ कमी राहत नाही.

त्याआधी आपल्या बाटलीचे तोंड आणि अंग मोजून पाहावे. तोंडाचा व्यास ८ सेंटिमीटर आणि अंगाचा ९ असेल, तर तोंडाचे क्षेत्रफळ अंगाच्या ७९ टक्केच भरते. अशा बाटलीत अंगावरची पट्टी ७० दाखवत असेल, तर खरा पाऊस सुमारे ८९ मिलिमीटर झालेला असतो. बाटलीचा वरचा निमुळता भाग सरळ अंगापाशी कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला म्हणजे तोंड आणि अंग सारखे होते आणि हिशेब करावा लागत नाही. तळ खाचखळग्यांचा असल्याने अंग सरळ होते तेथपर्यंत आधी पाणी भरावे आणि तेथे पट्टीचा शून्य लावावा. भांड्याचे तोंड जमिनीपासून फूटभर वर आणि अगदी आडवे असावे. जवळचे झाड किंवा गोठा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा, म्हणजे आठ मीटरच्या बाभळीपासून सोळा मीटर. नोंद सकाळी साडेआठलाच घ्यावी, म्हणजे केंद्राच्या आकड्याशी तारीख जुळेल. पाऊस नसेल त्या दिवशी रकाना मोकळा न ठेवता शून्य लिहावे, नाहीतर पुढे वही चाळताना त्या दिवशी पाऊस नव्हता की आपण गावाला गेला होता, हे आपल्यालाच आठवणार नाही.